बक्षीस की भेट? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

प्रश्न : राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या सदस्यांच्या उपस्थितीविषयी गेल्या अंकात लिहिताना आपण सचिन तेंडुलकर यांचे नाव घेतलेत. ज्या माणसाने चोवीस वर्षे देशाला आनंद दिला, त्याची हजेरी मोजत बसण्याचा कोतेपणा आपल्याला शोभत नाही. थोडी तरी कृतज्ञता असू द्यावी. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपला राग मला समजतो, कारण त्या भक्तमंडळाचा मीही जुना सभासद आहे. २२ एप्रिल १९९८ रोजी शारजात वाळूचे वादळ उठून खेळ थांबला, तेव्हा आमच्या वाड्यातल्या ज्या एका घरात केबलची जोडणी होती त्या घरात आम्ही वीस-बावीस जण दाटीवाटीने बसलो होतो आणि वादळ शमेपर्यंत एकानेही जागा सोडली नाही, कारण उठला त्याची जागा गेली. त्यानंतर सचिनने ऑस्ट्रेलियाची जी पिसे काढली ती आजही डोळ्यांपुढे आहे. गंमत अशी की त्या १४३ धावांनंतरही आपण तो सामना हरलो होतो, केवळ धावगतीच्या जोरावर अंतिम फेरीत गेलो होतो. आणि ही गोष्ट सांगितली की माझ्याच पिढीतले अनेक जण वाद घालायला उभे राहतात. भक्तीने स्मरणशक्तीचे काय होते, याचा हा घरचा दाखला.

आता हजेरीविषयी. राज्यघटनेच्या ८० व्या अनुच्छेदाने साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणत्या मंडळींसाठी राज्यसभेत १२ जागा ठेवल्या आहेत, त्या सभागृहाला त्यांच्या जाणतेपणाचा उपयोग व्हावा म्हणून. मानाची शाल पांघरण्यासाठी नव्हे. सचिन २०१२ ते २०१८ या काळात सदस्य होते आणि त्यांची उपस्थिती फारच कमी होती. त्यांनी धाराशिव जिल्ह्यातले डोंजा हे गाव दत्तक घेतले, आपले वेतन पंतप्रधान मदतनिधीला दिले, हेही खरे आहे आणि ते गेल्या अंकात लिहायला हवे होते, ही माझी चूक. परंतु दान दिल्याने हजेरी लागत नाही. माझा मोठा आक्षेप तर त्यांच्यावर नाहीच, तो नियुक्ती करणाऱ्या सरकारांवर आहे. लोकप्रिय माणसाला जागा दिली की टाळ्या आपल्याला मिळतात, हे सगळ्या पक्षांना ठाऊक असते आणि पुढे सहा वर्षे ती जागा रिकामी राहिली तरी विचारणाऱ्यालाच कोता ठरवले जाईल, हेही ठाऊक असते.

कृतज्ञतेचा शब्द आपण वापरलात म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाट कंपनीने २००२ मध्ये सचिनला फेरारी मोटार भेट दिली आणि ती मायकेल शूमाकर यांच्या हस्ते देण्यात आली. मोटार भारतात आणायची तर एक कोटीहून अधिक सीमाशुल्क भरणे आले. केंद्र सरकारने ते माफ केले. स्पर्धेत जिंकलेले बक्षीस आणि कंपनीने दिलेली भेट यांत नियम फरक करतात, हा मुद्दा तेव्हा बराच गाजला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि शेवटी शुल्क कंपनीनेच भरले. यात सचिनने कोणता गुन्हा केला होता? कोणताच नाही. अर्थ मंत्रालयाने मात्र त्या वेळी एका लाडक्या माणसासाठी कायद्याची मूठ सैल केली होती, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते गोडच वाटले होते. मलाही वाटले होते. ज्याने ती माफी न्यायालयात नेली त्या याचिकाकर्त्याला आम्ही वाड्यात काय काय म्हटले, ते येथे छापण्याजोगे नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नेमकी हीच दोन कलमे एकापाठोपाठ मांडली आहेत. देशाची आयुष्यभर सेवा केलेल्यांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, मात्र कृतज्ञतेलाही मर्यादा असते, हे पहिले. धर्मातली भक्ती मुक्तीचा मार्ग असू शकेल, राजकारणातली भक्ती अधोगतीचा आणि पुढे हुकूमशाहीचा मार्ग आहे, हे दुसरे. आपण दुसरे वाक्य भिंतीवर लावतो आणि पहिले विसरतो, तर खरी फसगत पहिल्यापाशी होते. कारण भक्ती क्वचितच भक्ती म्हणून घरात शिरते, ती कृतज्ञतेचे कपडे घालून येते.

प्रश्न : नट आणि खेळाडू ज्या वस्तूंच्या जाहिराती करतात, त्या त्यांनी स्वतः वापरलेल्या असाव्यात असा काही नियम आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीवरही जबाबदारी टाकली आहे. दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तोच प्रकार घडल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि काही काळ जाहिरात करण्यावर बंदीही येऊ शकते. जाहिरातीतल्या दाव्याची पुरेशी खातरजमा केली होती, असे दाखवता आले तर सुटका होते. वेलदोड्याच्या नावाखाली प्रत्यक्षात कशाची जाहिरात चालली आहे, हे टपरीवरच्या पोराला कळते आणि कोट्यवधी घेणाऱ्या नटाला कळत नाही, यावर ज्याचा विश्वास बसतो त्याने जरूर ठेवावा.

प्रश्न : मंत्र्यावर नुसता आरोप झाला की लगेच राजीनामा मागितला जातो. न्यायालयात गुन्हा सिद्ध होण्याआधी अशी मागणी करणे हा अन्याय नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : माणसाला तुरुंगात पाठवायचे असेल तर गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो. खुर्चीचा कस वेगळा आहे. खुर्ची ही मंत्र्याची मालमत्ता नव्हे, त्यामुळे ती सोडायला लावणे ही शिक्षाही नव्हे.

मुंदडा प्रकरण आठवून पाहा. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे समभाग घेतले. फिरोज गांधी यांनी ते लोकसभेत उघडकीस आणले, आणि लक्षात घ्या, ते सत्ताधारी पक्षाचे खासदार होते व पंतप्रधानांचे जावईही होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी केलेली चौकशी मुंबईत उघडपणे, लोकांच्या गर्दीपुढे झाली आणि काही आठवड्यांत आटोपली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी एक पैसा खाल्ला असे छागलांनी म्हटले नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, एवढेच म्हटले, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये मंत्री गेले. आज सचिवाने केले म्हणून सचिवाची बदली होते आणि साहेब दुसऱ्या दिवशी उद्घाटनाला हजर असतात.

महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर २००८ चे घ्या. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा त्यांच्यासोबत त्यांचे अभिनेते चिरंजीव रितेश आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. यात कायद्याचे कोणते कलम मोडले? एकही नाही. पण जेथे माणसे मेली ती जागा सिनेमावाल्याला दाखवायची नसते, हे महाराष्ट्राला कोणी शिकवावे लागले नाही, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विलासराव पायउतार झाले. लोकांना एरवी आवडणारा, हजरजबाबी नेता होता तो. त्या दिवसांत मात्र कोणी सूट दिली नाही. सिद्ध होऊ द्या, असे म्हणण्यासारखे त्यात काही नव्हतेच. सगळे छायाचित्रात दिसत होते.

प्रश्न : एखाद्या अभिनेत्याची राजकीय मते पटली नाहीत तर त्याचे चित्रपट पाहणे सोडावे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तिकीट आपले, संध्याकाळही आपली. मी सोडत नाही. चित्रपट आवडला म्हणून मतही देत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. मंडळाच्या मुलांनी वर्गणी काढून एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लावला असून खालच्या ओळीत माझ्या मुलाचाही फोटो आहे. फलकामुळे दवाखान्याची पाटी पूर्ण झाकली गेली आहे. काढायला सांगितले तर तो म्हणतो, साहेबांचा अपमान होईल. मी काय करावे? (एक आई, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, तो फलक मी न पाहताच सांगतो. वर मधोमध साहेब हात जोडून, डोक्यामागे तेजोवलय. शेजारी त्यांचे त्याहून मोठे साहेब. नावाआधी कार्यसम्राट किंवा तत्सम पदवी. आणि तळाशी शुभेच्छुकांच्या दोन ओळी, पासपोर्टच्या फोटोएवढे चेहरे, त्यांतल्या निम्म्यांना गॉगल. आपला मुलगा तेथे आहे. त्याला हसू नका. बावीस वर्षांच्या, बहुधा हाताला नीट काम नसलेल्या मुलाचा चेहरा गावाने एवढ्या मोठ्याने दुसरीकडे कोठेही छापलेला नाही, आणि साहेबांना त्याची ही भूक पक्की ठाऊक आहे. वर्गणी मुलांची, चेहरा साहेबांचा. असा व्यवहार सावकारानेही केला नसता.

विनापरवाना फलकांविरुद्ध १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये असे फलक हटवण्याविषयी सविस्तर आदेश दिले आहेत, आणि त्यानंतरही न्यायालयाला पालिकांचे व पक्षांचे कान पुन्हा पुन्हा उपटावे लागले आहेत. फलकाच्या कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आणि मुदत छापली आहे का, ते आधी पाहा. नसेल तर दवाखान्याची झाकलेली पाटी दिसेल असा फोटो काढा आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात मुलाचे नाव लिहिण्याची गरज नाही, साहेबांचेही नाही; चौकाचे नाव आणि दवाखान्याचे नाव पुरे. त्याआधी एकदा मुलालाच दवाखान्यासमोर उभे करा आणि परगावचा रुग्ण रात्री हा दवाखाना कसा शोधेल, ते त्याला विचारा. तो स्वतःच दोरी कापायला चढला, तर अर्ज फाडून टाका. पालिकेकडून उत्तर आले, तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात घेऊ.