केडम्प बसवलंय, तरी /व्हार/क्रॅश रिकामंच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑर्डरी आणि हिशेब एका उबुंटू (लिनक्स) सर्व्हरवर, डेटाचं पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत). रात्रपाळीत अधूनमधून सर्व्हर अडकतो. पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर येतं, लॉगिन होत नाही. सकाळी कुणीतरी रिसेट मारतं, मशीन सुरू होतं, लॉगमध्ये काहीच नाही. केडम्प (सिस्टिम कोसळली की तिच्या मेमरीची प्रत, म्हणजे डम्प, /व्हार/क्रॅश फोल्डरमध्ये ठेवणारी सोय) बसवून झालं, तरी डम्प पडत नाही. आणि मालकांचं म्हणणं, लाइटीमुळे होतंय.

सोलापुरात काहीही बंद पडलं की खापर आधी लाइटीवर फुटतं. इथे मात्र मला तसं वाटत नाही. पिंगला उत्तर कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मेमरीतूनच देतो, त्यासाठी डिस्कला हात लावावा लागत नाही. लॉगिन करायचं तर फाइली वाचाव्या लागतात. म्हणजे कर्नल जिवंत आहे, डिस्कच्या वाटेवर काहीतरी तुंबलंय. लॉगही त्याच वाटेने लिहिला जातो, मग तो कोरा राहणारच.

डम्प न पडण्याचं कारणही हेच. केडम्प जागं होतं ते कर्नल पॅनिक झाल्यावर, म्हणजे पुढे चालणं अशक्य मानून स्वतःच थांबल्यावर. तेव्हा राखून ठेवलेल्या मेमरीत दुसरा छोटा कर्नल सुरू होतो आणि पहिल्याची मेमरी फाइलीत उतरवतो. तुमचा कर्नल पॅनिक होतच नाही, नुसता वाट बघत बसतो. ईएक्सटी४ मध्ये चूक सापडली तरी फाइलसिस्टिम एकतर तशीच पुढे चालते किंवा रीड-ओन्ली होते, पॅनिक करत नाही. ते आपणच सांगावं लागतं.

तुमच्या लक्षणांना लागू पडणारी सेटिंग म्हणजे कर्नल.हंग_टास्क_पॅनिक. ती १ केली की एखादी प्रोसेस न उठवता येणाऱ्या झोपेत ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राहिली तर कर्नल पॅनिक होतो. ही वेळ मुळात १२० सेकंद असते. रात्री यूएसबी डिस्कवर बॅकअप चालत असेल तर ती ३०० करा, नाहीतर नुसत्या संथ डिस्कपायी धडधाकट सर्व्हर पाडाल. जोडीला डेटाच्या पार्टिशनला एरर्स=पॅनिक (चूक सापडताच पॅनिक) द्या, पण रूटला, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य पार्टिशनला, नको. रूटवर खरोखरच बिघाड असेल तर मशीन सुरू होऊन पुन्हा पुन्हा पडत राहील आणि कारखान्यातून फोनावर फोन येतील.

रात्रपाळीच्या माणसालाही एक गोष्ट शिकवून ठेवा: रिसेटऐवजी कीबोर्डवर ऑल्ट, प्रिंटस्क्रीन आणि सी एकदम दाबायचं, म्हणजे कर्नल मुद्दाम पाडला जातो आणि डम्प पडतो. यात एक मेख आहे. उबुंटूत कर्नल.सिसआरक्यू (कीबोर्डवरून कर्नलला कोणते थेट आदेश देता येतात ते ठरवणारी सेटिंग) ची किंमत मुळात १७६ असते आणि तिच्यात कीबोर्डवरून क्रॅश करायची परवानगी नाही. ती १ करा. टर्मिनलवरून सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत सी लिहून चाचणी घेतली तर ती १७६ असतानाही पास होते, कारण त्या वाटेला हे बंधन लागू नाही. म्हणून कीबोर्डवरूनही एकदा करून बघा, अर्थात रविवारी, सगळे बाहेर असताना.

डम्प त्याच डिस्कवर ठेवू नका. जी डिस्क तुंबलीय तिच्यावरच पुरावा लिहायचा म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. काही रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारी कंट्रोलर कार्डं) दुसऱ्या कर्नलमध्ये नीट सुरूही होत नाहीत. केडम्प-टूल्सच्या सेटिंगमध्ये एसएसएच किंवा एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनचा, पत्ता देता येतो, ऑफिसातलं एखादं जुनं पीसी त्याला चालेल.

आता बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी बाब. डम्प लिहिताना नको ती पानं (मेमरीचे तुकडे) गाळणाऱ्या मेकडम्पफाइल या टूलला सगळीकडे डोळे झाकून ३१ ही पातळी देतात. तिच्यात शून्य पानं, कॅशे, युजर प्रोसेसचा डेटा आणि मोकळी पानं सगळं गाळलं जातं. फाइल लहान होते हे खरं, पण ईएक्सटी४ चा मेटाडेटा (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदी) ब्लॉक डिव्हाइसच्या, म्हणजे डिस्कच्या, पेज कॅशेतच असतो, म्हणजे आपल्याला हवा तोच भाग आपण फेकून देतो. फाइलसिस्टिमच्या तपासाला २५ घ्या: १, ८ आणि १६ मिळून. कॅशे राहतो, बाकीचं जातं. डम्प बराच मोठा होईल, तेवढी जागा ठेवा.

डम्प हाती आला की त्याच आवृत्तीच्या कर्नलची डीबग चिन्हं (डम्पमधल्या पत्त्यांना नावं देणारी फाइल) उतरवा. आवृत्तीत शेवटच्या आकड्याचा फरकही चालत नाही. मग क्रॅश या टूलमध्ये आधी लॉग बघा. त्यानंतर पीएस (प्रोसेसची यादी), त्यात यूएन, म्हणजे न उठवता येणाऱ्या झोपेच्या, अवस्थेतल्या प्रोसेस. पीएसला एम जोडला की कोण किती वेळ अडकलंय ते कळतं, सगळ्यात जुना कोण ते शोधा. बाकीचे बहुधा त्याच्या मागे रांगेत उभे असतात. तुमच्याकडे जेबीडी२ चा (ईएक्सटी४ चं जर्नल लिहिणारा) थ्रेड पुढे असेल असा माझा अंदाज. त्याचा बीटी (बॅकट्रेस, म्हणजे तो कोणत्या फंक्शनमध्ये अडकलाय त्याची साखळी) काढा. तो डिस्ककडून लिहिणं पूर्ण व्हायची वाट बघत असेल तर ईएक्सटी४ बिचारं निर्दोष. केबल, डिस्क किंवा कंट्रोलर तपासा, स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते त्याचा) रिपोर्ट काढा. आणि डिस्कवर काहीच बाकी नसताना दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसले असतील, तर तो कर्नलमधला बग. मग आधी कर्नल अपडेट करून बघायचा.

एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं टूल) लगेच चालवू नका. आधी ई-टू-इमेजने मेटाडेटाची प्रत घ्या, मग एन पर्यायाने नुसतं तपासा. दुरुस्ती त्यानंतर.

इथे टाकायचं तर लॉगच्या शेवटच्या शंभरेक ओळी आणि त्या जुन्या थ्रेडचा बीटी पुरे. अख्खा डम्प कुठेही चढवू नका. पातळी २५ मध्ये कॅशे राहतो, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांच्या हिशेबाच्या फाइलीही त्यात असणार.