ढेकूण प्रयोगशाळेत पाळायचे तर त्यांना रक्त कसं द्यायचं?

तुम्ही पुण्यात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ढेकूण वाढवणार आहात, मार्गदर्शक म्हणतात ‘बरणी सरळ हातावर पालथी घाल’, आणि तुम्हाला दुसरा मार्ग हवाय. मार्ग आहे, आणि तोच धरा. मी इथल्याच एका प्रयोगशाळेत ढेकणांची वसाहत सांभाळते.

हातावर पोसण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकी लष्करातले कीटकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हार्लन यांनी १९७३ साली न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स इथून ढेकूण गोळा केले आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःच्या रक्तावर जगवले. तेव्हापासून त्या वंशाचा कीटकनाशकांशी संबंधच आला नाही, म्हणून तो आजही तुलनेसाठी वापरतात. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्यांनी स्वतःहून केलं ते विद्यार्थ्याकडून अपेक्षित धरणं मला मान्य नाही. वारंवार चावे घेतले की अंगावरची प्रतिक्रिया वाढत जाऊ शकते. शिवाय कुणाच्या तरी खाटेतून पकडून आणलेल्या ढेकणांनी आधी कुणाचं रक्त प्यायलंय, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता कृत्रिम पद्धत. दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं घ्या. भिंतींमधून वॉटर बाथचं (ठरावीक तापमानाला पाणी गरम ठेवणाऱ्या उपकरणाचं) पाणी फिरत राहतं आणि आतलं रक्त ३७ अंशांवर राहतं. भांड्याच्या उघड्या तळाला पॅराफिल्म, म्हणजे मेणासारखा ताणता येणारा पडदा, ताणून पातळ करून लावायचा. खाली ढेकणांची बरणी, तिच्या तोंडावर बारीक नायलॉन जाळी, आणि आत जाळीला टेकेल अशी गाळणकागदाची घडी. ऊब जाणवली की ढेकूण कागदावरून चढून येतात आणि जाळीतून सोंड घालून पडद्यापलीकडचं रक्त पितात. मोठ्यांना साधारण पाच ते दहा मिनिटं लागतात. रक्त गार झालं की ते तोंड लावत नाहीत. माझ्या अनुभवात ‘पीतच नाहीत’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तापमानच निघतं, तेव्हा आधी थर्मामीटर बघा.

रक्त सशाचं, फायब्रिन (रक्त गोठवणारे प्रथिनाचे धागे) काढलेलं, सर्वांत सोयीचं. ताजं रक्त काचेच्या मण्यांसोबत हलवलं की फायब्रिन मण्यांना चिकटतं आणि उरलेलं रक्त गोठत नाही. सायट्रेट किंवा हेपारिन ही गोठणं रोखणारी द्रव्यं घातलेलंही चालतं. मात्र त्या जनावराला नुकतीच प्रतिजैविकं दिलीत का, ते जरूर विचारा. ढेकणाच्या शरीरातले वोल्बाकिया जिवाणू त्याला ब जीवनसत्त्वं पुरवतात. ते मेले तर पिल्लांची वाढ खुंटते आणि माद्यांची अंडी घटतात. दोष मात्र आपण बरणीला देत बसतो.

पिल्लू पाच वेळा कात टाकतं आणि प्रत्येक कातीआधी त्याला पोटभर रक्त लागतं. आठवड्यातून एकदा खाऊ घातलं आणि तापमान २७ अंशांच्या आसपास ठेवलं, तर अंड्यापासून प्रौढ व्हायला पाच-सहा आठवडे पुरतात. नरांची संख्या आटोक्यात ठेवा. नर मादीच्या पोटाची कातडी भेदून वीर्य सोडतो, त्यामुळे नर जास्त झाले की माद्या लवकर मरतात. अक्षत माद्या हव्या असतील तर पाचव्या अवस्थेतली पिल्लं एकेक करून वेगळ्या नळीत ठेवावी लागतात.

एक गोष्ट परदेशी लेख वाचून सुटते. तिथली बरीच माहिती सायमेक्स लेक्ट्युलॅरियस या ढेकणाच्या जातीवरची आहे. आपल्याकडे सर्रास आढळणारी दुसरी जात, सायमेक्स हेमिप्टेरस, गुळगुळीत भिंतीवरही चढते, त्यामुळे काचेच्या भरवशावर बरणी उघडी ठेवू नका. हार्लन वंशही लेक्ट्युलॅरियसचाच, म्हणून तुलनेसाठी कीटकनाशकाला दाद देणारा हेमिप्टेरस तुम्हाला वेगळा मिळवावा लागेल. कोथरूडचे आणि येरवड्याचे ढेकूण एका बरणीत कधीच टाकू नका. प्रतिकारक्षमतेची चाचणी करायची असेल तर एवढ्यानं सगळं काम वाया जातं.

बरण्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवा, काम पांढऱ्या ट्रेवर करा, आणि टाकायचा प्रत्येक कागद आधी उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. सशाचं रक्त संस्थेतच काढणार असाल तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागेल. तो अर्ज ढेकूण आणण्याआधी भरा. मंजुरीची वाट बघत असताना भुकेली वसाहत हाताशी असली, की हातावर पोसण्याचा आग्रह पुन्हा सुरू होतो.