बफेटसारखे शेअर निवडायचेत? आधी एवढंच करा

पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वार्षिक नफा) कमी दिसला की शेअर स्वस्त, हा गैरसमज आधी सोडा. नवीन लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात. धंदा आटत चालला असेल तर पी/ई पाच असूनही तो महागच. अमेरिकेचे नामवंत गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी बर्कशायर हॅथवे ही कापड गिरणी स्वस्त दिसली म्हणून घेतली, 1965 मध्ये ताबा मिळवला, आणि कापडाचा धंदा शेवटी 1985 मध्ये बंद करावा लागला. उलट 1972 मध्ये सीज कँडीज ही चॉकलेटची कंपनी त्यांनी अडीच कोटी डॉलरला घेतली, म्हणजे तिच्या पुस्तकी किमतीच्या (मालमत्ता वजा देणी) सुमारे तिप्पट देऊन. का? दरवर्षी भाव वाढवले तरी गिऱ्हाईक हटत नव्हतं आणि धंद्यात फारसं नवं भांडवल घालावं लागत नव्हतं. ही दोन उदाहरणं नीट समजली तरी खूप झालं.

सुरुवातीला एवढंच बघा:

- कंपनी पैसे कशावर कमावते, हे चार वाक्यांत सांगता येतंय का? नसेल तर पुढची बघा.
- कर्ज किती? नफ्याबरोबर रोकड खरंच येते का? यासाठी पाच वर्षांचे वार्षिक अहवाल वाचा, कंटाळा आला तरी.
- कंपनीची खरी किंमत किती, या तुमच्या अंदाजापेक्षा शेअर बऱ्याच कमी भावात मिळतोय का? अंदाज चुकणारच, म्हणून ही फट हवी.

डीसीएफचं (पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढण्याचं) गणित सध्या राहू द्या. टिप्सचे टेलिग्राम ग्रुप मात्र आजच सोडा. आणि हो, बफेटनी घेतला म्हणून तोच शेअर घेऊ नका. त्यांचा खरेदीभाव तुम्हाला मिळणार नाही.