मेई अजून तळ्यातच आहे

प्रश्न : माझी नात पाच वर्षांची. सुट्टीत तिला ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी कार्टून सिनेमा लावून दिला. इतका गोड सिनेमा, पण शेवटाकडे ती जी रडायला लागली, टीव्ही बंदच करावा लागला. आता नावही काढू देत नाही. तिचा मामा ‘स्पिरिटेड अवे’ दाखवू म्हणतोय. दाखवावा का?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तळ्यात चप्पल सापडते तिथेच रडली ना? आमच्याकडेही तिथेच बांध फुटला होता. माझा मुलगा तेव्हा सहाचा. टोटोरो या जंगलातल्या केसाळ प्राण्याचं धूड, त्याचा तो जबडा, मांजराची बस, सगळ्याला खिदळला. मग धाकटी मेई हरवते. थोरली बहीण सात्सुकी धापा टाकत तळ्याशी येते, शेजारची आजी छोटीशी चप्पल हातात धरून पुटपुटत बसलेली. पोरगं माझ्या कुशीत शिरलं. सात्सुकी बघते आणि म्हणते, ही मेईची नाही. पण हुंदक्यांत त्यानं ते ऐकलंच नव्हतं! मागे नेऊन पुन्हा ऐकवलं तेव्हा कुठे शांत झाला.

तुमच्या नातीच्या लेखी मेई अजून तळ्यातच आहे. म्हणून आधी शेवट सांगून टाका: मेई सापडते, आणि आईसाठी निघताना घेतलेलं मक्याचं कणीस दवाखान्याच्या खिडकीत पोचतं. मग मांडीवर घेऊन उरलेला दाखवा. एक विचारते, घरात कुणी आजारी आहे का? त्या मुलींची आई सिनेमाभर दवाखान्यात असते. मोठ्यांना ते गोडव्यात विसरायला होतं, मुलांना नाही. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींची आईसुद्धा त्यांच्या लहानपणी क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती.

मामाला म्हणावं, दम धर. ‘स्पिरिटेड अवे’त सुरुवातीलाच आईबाबा ताटावर तुटून पडतात आणि त्यांची डुकरं होतात, त्यांची मुलगी चिहिरो हाका मारते, ते ओळखत नाहीत. पाच वर्षांच्या पोरीला याहून भयंकर काय असणार? मियाझाकींनी तो दहा वर्षांच्या मुली डोळ्यांपुढे ठेवून केला होता. नातही नऊ-दहाची होऊ दे.

आणि ‘त्याच स्टुडिओचा आहे’ म्हणून मामानं ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ लावला, तर रिमोट काढून घ्या. युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांची गोष्ट आहे ती. 1988 मध्ये जपानात हा आणि टोटोरो एकाच तिकिटावर दाखवले होते. कुणाच्या डोक्यातून आलं असेल हे!