आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिच्या आयुष्याची पुस्तिका काढायची आहे, सुरुवात कुठून करू?

आईनं टेलिफोन खात्यात नोकरी केली, दोन मुलं वाढवली, निवृत्तीनंतर देश पाहिला, वस्तीत वर्ग घेतले. पुस्तिकेला सहा महिने पुरतील का, असं तुम्ही विचारलंय. पुरतील, पण आजच बसा.

‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ म्हटलं की ‘त्यात काय सांगायचंय’ एवढंच उत्तर येतं. एकच दिवस विचारा. सकाळची पाळी असली की किती वाजता उठायचीस? डबे कोण भरायचं? बाळ कुणापाशी? बस चुकली तर? शेजारणी, सासूबाई, पगार सगळं त्यातून निघतं. एका वेळी पाऊण तास, सकाळी दहाच्या सुमारास.

बोलणं रेकॉर्ड करायला फोन एअरप्लेन मोडवर टाकून आईपासून हातभर अंतरावर, घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा. नुसत्या टेबलावर ठेवला तर कपाच्या ठक्क आवाजात शब्द बुडतात. पंखा बंद, कुकर आधीच उतरवलेला. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात. हा हिशेब कुणी धरत नाही आणि बहुतेक पुस्तिका तिथेच अडतात.

साल विचारू नका, खूण विचारा. पुण्यातल्या या पिढीला पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७ची पहाट), बहात्तरचा दुष्काळ आणि किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३) पक्कं आठवतं. ‘कोयनेच्या वेळी नोकरी लागली होती का?’ याचं उत्तर लगेच मिळतं. मग सर्व्हिस बुक आणि पेन्शनच्या कागदांशी ताडून पाहा. प्रवासाचं सोपं आहे, फोटो आणि तिकिटं बहुधा घरातच असतात.

खरी अडचण समाजकार्याची, कारण त्याचा कागद घरी येतच नाही. संस्थेकडे बैठकांच्या इतिवृत्ताची वही आणि वार्षिक अहवाल मागा. कार्यकर्त्यांची नावं तिथे सापडतात. सोबत काम केलेल्या बायकांना सगळ्यात आधी भेटा, त्याही ऐंशीच्या घरात असतील. आणि ‘समाजकार्याची आवड होती’ असं कृपया लिहू नका. कोणत्या वारी, किती ते किती, किती मुलं, पाट्या कुणी आणल्या, हे लिहा. तिचं काम त्यात दिसतं.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढू नका, फाटतात. पानासकटच स्कॅन करा. छोटे फोटो ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारीक हवा त्याचं माप). मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे उघडणाऱ्या टायपात, टाइप करा. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास छपाईसाठी पानं लावून देणारे डीटीपीवाले भरपूर आहेत, पण त्यांच्याकडच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. त्यामुळे प्रूफ कागदावरच वाचा. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत, ३२ किंवा ४८. पहिलं प्रूफ आईसाठी मोठ्या टायपात काढा, सोबत लाल पेन द्या. ती जे खोडेल ते वाद न घालता काढून टाका.