इंडोनेशियात प्राथमिक वर्गांना इंडोनेशियन भाषा शिकवताना गोष्टीचं पुस्तक आणि समस्याधारित अध्ययन (आधी समस्या द्यायची, ती सोडवता सोडवता शिकायचं) यांची सांगड कशी घालतात?

गोष्ट ऐन मोक्याला थांबवायची, बस्स. कांचिल ही तिथल्या लोककथांमधली बिलंदर पिसोरी, म्हणजे हरणासारखा दिसणारा इवलासा प्राणी. काकड्या चोरताना ती शेतकऱ्याच्या सापळ्यात अडकली, की पुस्तक मिटायचं आणि गटागटाला विचारायचं: शेत वाचवायचंय, पण कांचिलला मारायचं नाही, मग करायचं काय? मुलं वाद घालतात (घालू द्यावा!), मग शेतकऱ्याला पत्र लिहितात. विनंती कशी करायची, कारण कसं द्यायचं, हे त्या पत्रातच शिकवून होतं. तात्पर्य विचारलंत की मजा गेली.

जावा बेटावर पुष्कळ मुलं घरी जावानीज किंवा सुंदानीज बोलतात. चर्चा त्या भाषेत चालेल, लिखाण तेवढं इंडोनेशियनमध्ये. पहिली-दुसरीला मात्र चित्रं दाखवून तोंडीच घ्या.