टबातल्या कमळाला नुसती पानंच येतायत, फूल कधी येणार?

तुम्ही विचारलंय की गच्चीवर टबात कमळ लावून दीड वर्ष झालं, पानं भरपूर पण कळी एक पण नाही, तर खत वाढवू का. मी बेळगावात शहापूरला राहतो, पाच-सहा वर्षं हाच नाद आहे आणि पहिली दोन वर्षं माझ्याकडं पण निस्ती पानंच होती, म्हणून सांगतो, खताचं नंतर बघू, आधी पान बघा.

पान पाण्यावर सपाट पडलेलं आणि कडेपासून देठापर्यंत चीर गेलेली असेल तर ते कमळच नव्हे, कुमुदिनी आहे, म्हणजे वॉटर लिली. आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी कमळाला तावरे आणि ह्याला नैदिले म्हणतात, पण बाजारात दोन्ही कमळ म्हणूनच खपवतात. कमळाच्या पानाला चीर नसते, देठ मधोमध असतंय, पाणी टाकलं की पाऱ्यासारखं घरंगळतं. पहिली पानं कमळाची पण तरंगतातच, मग उभी पानं छत्रीसारखी वर येतात, आणि ती आल्याशिवाय कळीची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि हो, ऑनलाइन निळ्या कमळाच्या बिया मिळतात त्या घेऊ नका, खरं कमळ पांढरं नाहीतर गुलाबी असतंय, अमेरिकेतलं एक पिवळं, निळं नसतंच, निळी असते ती कुमुदिनी.

आता माझा गाढवपणा सांगतो. कंद आणला आणि नर्सरीच्या कोकोपीटवाल्या मातीत लावला, पाणी ओतल्यावर सगळं वर तरंगलं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ताजं शेण घातलं, आठ दिवसांत पाणी हिरवंगार आणि वास असा की खालच्या मजल्यावरनं तक्रार. त्यात मला दर रविवारी चिखलात हात घालून कंद वाढलाय का बघायची सवय, आणि कमळाचा कोंब इतका नाजूक की बोट लागलं तरी मोडतो. आई म्हणायची, त्याला जरा निवांत बसू दे की रे.

शेवटी वडगावच्या शिवारातली भाताची चिकट काळी माती आणली. दोन फूट रुंद टब, खाली भोक नसलेला, त्यात पाच-सहा इंच नुसती माती, कंद आडवा ठेवून वर थोडीशी माती, कोंबाचं टोक मात्र उघडं. पाणी सुरवातीला दोन-तीन इंच, पानं वर यायला लागली की हळूहळू सहा इंच. तुम्ही खानापूरकडचे असाल तर कुंभार वापरतात तसली माती पण चालेल, खडे काढून घ्या म्हणजे झालं.

तुमच्या बाबतीत मला दोन शंका आहेत. एक ऊन. कमळाला रोज सहा तास तरी सरळ ऊन पाहिजे, शेजारच्या बिल्डिंगच्या सावलीत फूल येत नाही, आणि आपल्या बेळगावच्या पावसात जून ते सप्टेंबर सूर्य दिसतो कुठं, त्यामुळं त्या महिन्यांत फारशी अपेक्षा ठेवू नका. दुसरी शंका म्हणजे टब गच्च भरला असणार. कंद तळाशी गोल गोल पळतात, वर्षभरात जागा संपते. थंडीत पानं पिवळी पडतात तेव्हा मेलं म्हणून फेकू नका, खाली कंद झोपलेला असतोय. फेब्रुवारीत टब सावकाश उपडा करा, दोन-तीन पेऱ्यांचा कोंबवाला तुकडा ठेवा आणि नवीन मातीत लावा, बाकीचे वाटून टाका.

खत ते नंतर. तीन-चार उभी पानं आली की चिमूटभर डीएपी, म्हणजे नत्र आणि स्फुरदवालं दाणेदार खत, कागदाच्या पुडीत बांधून कडेला खोल चिखलात दाबायचं, कंदाला लागू द्यायचं नाही. वर पाण्यात सुटलं तर शेवाळ होतं आणि मासे मरतात. नत्र जास्त झालं तर परत पानंच पानं, म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, आत्ता खत वाढवू नका.

मासे म्हटलं तर डासांसाठी चार-पाच गप्पी सोडा, पण पिल्लं वाढली म्हणून नेऊन तळ्यात किंवा किल्ल्याच्या खंदकात टाकू नका. मावा पडला तर पाइपाच्या फवाऱ्यानं धुवायचा, औषध नको. आणि वाळलेलं देठ नेहमी पाण्याच्या वरच कापा, ते आतनं पोकळ असतंय, पाण्याखाली कापलं की पाणी कंदापर्यंत जाऊन कुजतंय. माझा एक चांगला कंद असाच गेला.

फूल आलं तरी तीन-चार दिवसांचाच खेळ असतोय, सकाळी उघडतं, दुपारपासून मिटायला लागतं, शेवटी पाकळ्या गळतात, तेव्हा कळी दिसली की त्या आठवड्यात गावाला जाऊ नका. पानाचा एक फोटो टाका, देठ जिथं जोडलंय ती बाजू दिसेल असा, म्हणजे तावरे की नैदिले ते तरी सांगता येईल.